स्वयंपाकघरातील जुन्या कपाटांचा जीर्णोद्धार

घराची रंगरंगोटी करावयाची ठरली की दिवाणखान्याच्या भिंती, दर्शनी दरवाजा आणि देवघराची चौकट यांविषयी कुटुंबातील लहानथोर आपापली मते तावातावाने मांडतात. परंतु ज्या खोलीत घराचा निम्मा व्यवहार चालतो आणि जेथील लाकडाला वाफ, धूर, फोडणीचे तुषार व ओले हात यांचा मारा दोन्ही वेळा सोसावा लागतो, त्या स्वयंपाकघरातील कपाटांचा निकाल मात्र एका वाक्यात लागतो, आणि तो म्हणजे ती काढून टाकून नवी करून घ्यावी. हा निकाल बहुधा घाईचा असतो. जुन्या कपाटास आलेली अवकळा बहुतांशी पृष्ठभागाची असते. वरची दोन केसांइतकी जाडी दूर केली तर खालचे लाकूड शाबूत निघते. ती जाडी दूर करण्यास लागते ते द्रव्य थोडे आणि श्रम व सबुरी पुष्कळ. ज्यांना हे काम किफायतीत करावयाचे आहे त्यांनी काटकसरीची कात्री रंगाच्या डब्यावर खुशाल चालवावी, परंतु रंगापूर्वीच्या तयारीवर कदापि चालवू नये, एवढेच माझे मुख्य सांगणे आहे. बाकीचा मजकूर त्याच्या तपशिलाचा.

प्रथम आपल्या घरी काय आहे याची खातरजमा करावी. वाड्यांतील घरांत भिंतीच्या जाडीत बसविलेले फडताळ असे, आणि दूध, दही, लोणी यांची मांजर व मुंग्यांपासून राखण करण्यासाठी जाळीचे, पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवलेले दुभत्याचे कपाट असे. ही दोन्ही बहुधा सागाची, क्वचित ब्रह्मदेशी सागाची, आणि त्यांचे लाकूड इतकी वर्षे वाळलेले असते की आज बाजारात तशा प्रतीची फळी मागितली तर वखारवाला आपल्याकडे किंचित कीव केल्याच्या नजरेने पाहतो. पुढील काळातील सदनिकांत ओट्याखालची व ओट्यावरची कपाटे प्लायवुडची आणि वरून सनमायका चिकटविलेली असतात. आणि अलीकडील कित्येक घरांत भुसा व डिंक दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाची. दाराची न रंगविलेली कड किंवा कपाटाची पाठ पाहिली की जात कळते: अखंड रेषा दिसल्या तर लाकूड, थरांवर थर दिसले तर प्लायवुड, दाणेदार चुरा दिसला तर बोर्ड. पैकी पहिली दोन दुरुस्तीस सर्वथा पात्र होत. तिसरे कोरडे असेल तर त्यावर थोडका खर्च करण्यास हरकत नाही. मात्र सिंकखालचा बोर्ड पाण्याने एकदा फुगला की तो पूर्वस्थितीस येत नाही, सबब तेवढा भाग प्लायवुडचा बदलून घ्यावा आणि त्याच्या उद्धाराच्या फंदात पडू नये.

लाकडात वाळवी वा कीड आहे काय, हेही याच वेळी पाहून घ्यावे. चाकूचे टोक तळाच्या फळीत व भिंतीला लागून असलेल्या कडेत दाबून पाहावे. ते सहज आत गेले, किंवा खाली बारीक पिठासारखा भुसा पडलेला दिसला, तर रंगाचा विचार तूर्त बाजूस ठेवून आधी किडीचा बंदोबस्त करावा. ज्या कपाटात धान्य व दूध ठेवावयाचे त्याच्या आतील अंगास कीटकनाशक स्वतःच्या हाताने फासण्याचे धाडस मात्र करू नये. ते काम जाणत्या माणसाकडून, आणि शक्यतो भिंतीच्या व तळाच्या बाजूने, करून घ्यावे.

आता हिशेब. पाच फूट उंच, तीन फूट रुंद व दीड फूट खोल असे मध्यम कपाट घेतले तर त्याची दर्शनी बाजू १५ चौरस फूट, दोन्ही कुशी मिळून १५ चौरस फूट आणि माथा साडेचार चौरस फूट, म्हणजे बाहेरचे सारे अंग सुमारे ३५ चौरस फुटांचे होते. एक लिटर तैलरंग एका हातास साधारणतः १०० चौरस फूट पुरतो. त्यामुळे अशा कपाटाला अस्तराचा एक हात देण्यास अर्धा लिटर अस्तर आणि रंगाचे दोन हात देण्यास एक लिटर रंग पुरून उरतो. हे गणित घरूनच करून न गेल्यास दुकानदार चार लिटरचा डबा ‘स्वस्त पडतो’ म्हणून गळ्यात बांधतो, आणि उरलेला तीन लिटर रंग माळ्यावर साय धरीत बसतो. रंग, अस्तर, टर्पेंटाइन, लांबी, पॉलिश पेपर व दोन चांगले ब्रश एवढ्यावर एका कपाटाचे सामानसुमान आटोपते. नव्या कपाटाच्या किमतीशी त्याची तुलना करावयाची तर केवळ नव्या बिजागऱ्या व मुठींचाच खर्च कित्येकदा त्याहून अधिक भरेल.

कामाचा काळही नीट मुक्रर करावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, लाकूड हवेतील ओल शोषून फुगते. फुगलेल्या दाराला रंधा मारून ते बसते केले तर उन्हाळ्यात त्याच दाराला बोटभर फट पडते. लाखेच्या चपड्याचे पॉलिश दमट हवेत दुधासारखे पांढरे पडते आणि तैलरंग वाळता वाळत नाही. दसरा-दिवाळीच्या तोंडावर हवा बरी असली तरी रंगारी मिळत नाहीत आणि मिळाले तर आपल्या शर्तींवर मिळतात. म्हणून दिवाळी उलटल्यापासून शिमग्यापर्यंतचा कोरडा काळ या कामास उत्तम. तेव्हा कारागीरही मोकळे असतात आणि भावही करता येतो.

यापुढील भाग सर्वांत कंटाळवाणा, आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा. स्वयंपाकघरातील कपाटावर वर्षानुवर्षे जे साचते ती नुसती धूळ नसते. तेलाची वाफ लाकडावर बसते, हवेने तिचे घट्ट राळेसारखे कवच होते, त्यात धूळ व काजळी रुतते, आणि त्यावर पुन्हा तेल बसते. या कवचावर चढविलेला रंग, मग तो कितीही उंची असो, लाकडाला धरीतच नाही. प्रथम त्याला खड्ड्यांसारखे वाटोळे डाग पडतात आणि सहा महिन्यांत नखाने पापुद्रे निघू लागतात. पुष्कळ रंगारी ही धुलाई टाळून थेट पॉलिश पेपर हाती घेतात. हा प्रमाद दुहेरी आहे: घासल्याच्या उष्णतेने मऊ झालेले तेल पेपरात भरून पेपर निकामी होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तेच तेल लाकडाच्या छिद्रांत अधिक खोल दडपले जाते. आधी धुणे आणि मग घासणे, हा क्रम कोणाच्याही शब्दाखातर मोडू देऊ नये.

दारे, खण व मुठी काढून घ्याव्यात. प्रत्येक दाराच्या बिजागरीखाली, जेथे रंग लागत नाही तेथे, खुणेचा आकडा कोरावा, आणि तोच आकडा लिहिलेल्या कागदाच्या पुडीत त्या दाराचे स्क्रू बांधून ठेवावेत. जुन्या सुताराने प्रत्येक दार आपापल्या चौकटीत तासून बसविलेले असते. दारांची अदलाबदल झाली तर एकही दार मिटत नाही. नंतर एक लिटर गरम पाण्यात धुण्याचा सोडा मोठे दोन चमचे व भांड्यांचा थोडा साबण घालून, हातमोजे चढवून, फडक्याने एकेक वीतभर भाग भिजवावा, पाच मिनिटे थांबावे, आणि नारळाच्या काथ्याने घासावे. कोपऱ्यांतील व नक्षीतील मळ बांबूच्या चपट्या काडीने खरवडावा. लोखंडी पट्टी तेथे ओरखडे पाडते. प्लायवुडच्या कडांना पाणी मुरू देऊ नये, आणि उघड्या सागावर सोड्याचे पाणी रेंगाळू देऊ नये, कारण क्षाराने साग काळवंडतो. स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसून, लगेच कोरडे करून, दारे सावलीत वाऱ्यावर दोन दिवस उभी ठेवावीत. उन्हात टाकली तर ती वाकतात. झाले की नाही याची परीक्षा सोपी आहे: पांढरे फडके टर्पेंटाइनमध्ये भिजवून पृष्ठभागावर दाबून फिरवावे, ते पिवळे-तपकिरी निघाले तर धुलाई पुन्हा करावी, आणि वैतागून ती पुरी झाल्याचे कबूल करण्याच्या आधी एकवार आणखी करावी.

वरचा जुना थर कोणत्या जातीचा आहे हे ठाऊक झाल्यावाचून पुढे जाणे म्हणजे अंधारात चालणे होय. दाराच्या आतील कोपऱ्यात स्पिरिटमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा मिनिटभर धरावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपड्याचे पॉलिश समजावे, आणि ही बातमी आनंदाची मानावी. कारण नवा चपडा जुन्या चपड्याला विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो, त्यामुळे जुने पॉलिश समूळ खरवडून काढण्याचे श्रम वाचतात. स्पिरिटने काहीच झाले नाही तर तो तैलरंग, वॉर्निश किंवा तत्सम कठीण थर असतो. तो घट्ट बसलेला असल्यास १८० नंबरच्या पेपरने त्याची चकाकी मारावी म्हणजे झाले. त्याला मुळापासून काढण्याचा हट्ट धरू नये.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि त्याचा अंमल नोव्हेंबर २०१७ पासून सुरू झाला. त्यापूर्वीच्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल व हिरव्या छटांत, शिसे असण्याचा संभव मोठा आहे. असे जुने रंग कोरडे घासून त्यांची धूळ स्वयंपाकघरात उडविणे, किंवा ज्योतीने जाळून काढणे, लहान मुलांच्या मेंदूला फार घातक ठरते. त्यासाठी पाण्याचा पेपर म्हणून मिळणारा काळा कागद ओला करून त्यानेच घासावे, निघालेला चिखल कागदाने पुसून बांधून टाकावा, केरसुणीने झाडू नये, आणि काम चालू असेतो मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या खोलीत येऊ देऊ नये. तोंडावर नुसता रुमाल बांधणे पुरेसे नाही. बारीक धूळ अडविणारा मास्क घ्यावा.

दुरुस्तीचे काम सुतारास बोलावण्याइतके क्वचितच मोठे असते. बिजागरीच्या स्क्रूंची भोके सैल झाली असतील तर बांबूची काडी फेविकॉलात बुडवून आत ठोकावी, दुसऱ्या दिवशी ती कापून सपाट करावी, आणि स्क्रूला साबण चोळून पुन्हा पिळावा. लोंबणारी दारे यानेच वर येतात. कपाटावर तैलरंग द्यावयाचा असेल तर खाचाखळग्यांत नेहमीची लांबी भरली तरी चालते. परंतु लाकडाची रेषा दाखवावयाची असेल तर पांढरी लांबी डागासारखी उठून दिसते. तेथे जुने पॉलिशवाले खडूची पूड, पिवडी आणि काव चपड्यात कालवून लाकडाच्या रंगाशी मिळती लांबी करीत, ती करावी. भुसा व फेविकॉल यांचे मिश्रणही पुष्कळजण वापरतात, पण फेविकॉल लागलेल्या जागी पॉलिश पकडत नाही आणि तेथे फिकट डाग कायमचा राहतो.

आता रंग की पॉलिश, या वादाविषयी. माझे मत मी लपवीत नाही: चांगल्या सागावर पांढरा तैलरंग चढविणे हा मला संपत्तीचा अपव्यय वाटतो, मग ती शहरी सजावटकारांची आवड कितीही असो. साग असेल तर तो साग दिसू द्यावा. तथापि केवळ चपड्याचे पॉलिश ओट्यालगत टिकत नाही. गरम भांड्याने ते मऊ पडते आणि पाण्याने पांढरे डाग धरते. म्हणून कपाटाच्या बाहेरील अंगास ब्रशने लावावयाचे, एकाच डब्यातून येणारे पारदर्शक पॉलियुरेथेन वापरावे. दोन द्रव्ये मिसळून फवाऱ्याने मारावयाचे पॉलियुरेथेन दिसावयास सुंदर खरे, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. ते घरच्या माणसाने, तेही बंद स्वयंपाकघरात, करू नये. सागाच्या अंगात स्वतःचे तेल असते, त्यामुळे वरचा हात देण्याच्या अगदी आधी थिनरने तो पुसून घ्यावा, अन्यथा हा थर दिवसेंदिवस चिकट राहतो.

प्लायवुड, जंगली लाकूड किंवा आधीच रंगविलेले कपाट यांस तैलरंग किंवा पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक एनॅमल, दोन्ही चालतात. तैलरंग अधिक कठीण व घासण्यास टिकाऊ. परंतु पांढरा तैलरंग प्रकाश न मिळाल्यास पिवळा पडतो, त्यामुळे कपाटाच्या बंद दारामागील पांढरेपण वर्षभरात हळदीच्या हाताने पुसल्यासारखे दिसू लागते. आत पांढरा रंग हवाच असेल तर तो अ‍ॅक्रिलिकचा द्यावा. कोणताही रंग असो, जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन हात द्यावेत. दार चौकटीत उभे ठेवून रंगविण्यापेक्षा मेजावर आडवे ठेवून रंगवावे, म्हणजे ओघळ येत नाहीत. आणि दोन हातांच्या मध्ये एक रात्र जाऊ देऊन ३२० नंबरचा पेपर हलक्या हाताने, लाकडाच्या रेषेरेषेने फिरवून धूळ पुसून घ्यावी.

कपाटाच्या आतील बाजूसाठी मात्र चपड्यासारखे दुसरे द्रव्य नाही, आणि हे सांगण्यासाठीच मी या लेखाचा प्रपंच मांडला असे म्हटले तरी चालेल. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर लाखेचा किडा जो राळेसारखा पदार्थ सोडतो त्याचाच शुद्ध केलेला पापुद्रा म्हणजे चपडा. औषधाच्या गोळ्यांवर व मिठायांवर त्याचे पातळ लेपन देण्याची वहिवाट आहे, म्हणजे अन्नाशी त्याचे वैर नाही. त्याचा दुसरा गुण असा की जुन्या लाकडात मुरलेला हिंगाचा, मसाल्याचा वा खवट तेलाचा वास तो आतल्या आत कोंडून टाकतो, आणि हे सामर्थ्य सामान्य रंगात नाही. एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटात २०० ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत रात्रभर भिजत ठेवावा, अधूनमधून हलवावा, आणि सकाळी मलमलीतून गाळून घ्यावा. लोखंडी भांडे घेतल्यास तो काळपट होतो. ब्रशने भराभर एक पातळ हात द्यावा, तासाभराने दुसरा. मागील वर्षीचा भिजविलेला चपडा वापरू नये, तो पुरता वाळत नाही. शंका असल्यास काचेवर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी नखाने पाहावे. स्पिरिट स्वतः विषारी व ज्वालाग्राही असल्याने काम करतेवेळी गॅसचा रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात, आणि वास पूर्ण जाईपर्यंत कपाटात अन्न ठेवू नये. जवसाचे तेल कोणी लाकडास चोळणार असेल तर त्याच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. त्या पाण्यात बुडवून मग टाकाव्यात.

सनमायकाच्या दारांविषयी थोडक्यात. त्याची निघालेली कड दोन्ही अंगे स्वच्छ करून, दोन्हींना चिकटद्रव्य लावून, ते हाताला न लागण्याइतके सुकल्यावरच दाबावी. सनमायका रंगविता येतो, परंतु त्यासाठी तो पेपरने खरखरीत करून खास पकडीचे अस्तर द्यावे लागते आणि तरीही मुठीजवळचा रंग प्रथम झिजतो. त्यापेक्षा केवळ दारांवर सनमायकाचा नवा पत्रा चिकटवावा. आठ फूट लांब व चार फूट रुंद अशा एका पत्र्यात ३२ चौरस फूट येतात, म्हणजे दोन फूट लांब व दीड फूट रुंद अशी सहा दारे त्यात सहज बसतात.

जाळीच्या कपाटाची जाळी कधीही रंगवू नये. छिद्रे बुजतात आणि कपाटाचा हेतूच नाहीसा होतो. ती काढून, चौकट रंगवून झाल्यावर, स्टेनलेस स्टीलची नवी बसवावी. पितळी कड्या व मुठी मात्र मुळीच बदलू नयेत. गरम सोड्याच्या पाण्यात भिजविल्या की त्यांवरचे जुने रंग सुटतात आणि चिंचेने घासल्या की त्या झळाळतात. एखादी हरवली असेल तर पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत चोरबाजारात तिची जोड पुष्कळदा सापडते, आणि शोधण्याचा उद्योगही मनोरंजक असतो.

रंगारी बोलवावयाचाच असेल तर काम उक्ते द्यावे, पण सामान स्वतः आणावे, आणि धुलाई, घासाई, अस्तर व दोन हात असे टप्पे कागदावर लिहून घ्यावेत. पहिला हप्ता अस्तर लावण्यापूर्वी, धुलाई-घासाई स्वतः तपासून मगच द्यावा. एकदा अस्तर चढले की त्याखाली काय झाकले गेले हे परमेश्वरासही दिसत नाही.

रंग हाताला कोरडा लागणे निराळे आणि तो आतून कठीण होणे निराळे. म्हणून दारे बसविल्यावर निदान आठवडाभर ती अर्धवट उघडी ठेवावीत, फळ्यांवर वर्तमानपत्र पसरू नये, आणि डबे ठेवल्यावर ते सरकवू नयेत, उचलून ठेवावेत. तेलाच्या बरणीखाली एखादी थाळी ठेवावी. उरलेला रंग काचेच्या लहान बाटलीत तोंडापर्यंत भरून, तिच्यावर रंगाचे नाव, छटेचा क्रमांक आणि साल लिहून, ती त्याच कपाटाच्या माथ्यावर मागील बाजूस ठेवावी.